मनोहर कुठं कुठं जेवला

१० एप्रिल १९६०, रविवार
आज कढी-गोळे. मागच्या रविवारीही कढी-गोळेच. धाकटा भाऊ मनोहर ताटावर बसला आणि दोन घास खाऊन उठला. पोट भरलं म्हणे. भिलाईच्या कारखान्याच्या या ओळीत शेजारच्या क्वार्टरात, माधवनकडं जेवून आला होता. मायनं विचारलं तर खोटंही बोलला नाही. तांदळाचं पीठ नळकांड्यात भरून वाफवतात, मधे मधे ओलं खोबरं, सोबत काळे हरभरे. माय म्हणाली, "नळकांड्यातलं कावून खावं बापा? घरात ताटं नाईत का?"
मी मायच्या बाजूनं. मलाही त्या खोबरेलाचा वास सोसत नाही. आमच्या घरी जवसाचं तेल. त्याचा वास माधवनच्या बायकोला कसा लागत असेल, हे आत्ता लिहिताना सुचलं. सुचून उपयोग काय.

१७ एप्रिल
म.नं आज सगळी यादी ऐकवली. माधवनची बायको देवकी हिच्याकडं आठवड्यातून दोनदा. तिच्या हातचं जेवायला चार बॅचलर पोरं रोज येतात, त्यांच्यातच हा. घोषबाबूकडं मोहरीतली मासळी. पंजाबी ड्रायव्हरच्या भट्टीवर रोटी आणि उडदाची काळी डाळ. तेलुगू फोरमनकडं एक आंबट भाजी, तर ती आपली अंबाडीच निघाली, फक्त तिखटात बुडवलेली. सांगताना म.चे डोळे चमकत होते.
"दादा, एवढा मुलूख इथं येऊन बसला अन् आपून वांगेच खाऊन राह्यलो."
मी विचारलं, जात विचारून जेवतोस की सांगून? म्हणाला, "भूक सांगून."
मला राग आला. मासळी आमच्या घरात आज्यानं माळ घातली तेव्हापासून बंद. बापानं एकदा गोंदियाहून बिस्किटं आणली होती, ती मायनं आजारी माणसाचं खाणं म्हणून कोनाड्यात ठेवली आणि मुंग्यांनी खाल्ली. अशा घरात हे बेणं कसं निपजलं कोण जाणे. मी म्हटलं, या घरात एकच चूल आहे, चार पाहिजेत तर चौघांकडं राहायला जा. तो हसला. माझ्या बोलण्यावर तो नेहमी हसतो, त्यानं मी अजून चिडतो.

१ मे, रविवार
मायच्या कानावर आलं की म. मेश्रामसोबत बसतो. श्रावण मेश्राम आमच्याच गावचा, पाटापलीकडच्या वस्तीतला. त्या वस्तीनं धर्म बदलला त्याला आता साडेतीन वर्षं होतील. इथं कारखान्याच्या लोको शेडात आहे, रिसाली गावात भाड्यानं राहतो. गावात असताना मी त्याच्याशी चार शब्द बोललो नसेन. इथं दोघं एकाच गेटनं आत जातो आणि त्याची हजेरी मीच मांडतो, टाइम ऑफिसात.
माय म.ला म्हणाली, बसतो तेवढं पुरे, जेवत तर नाहीस ना? म. चपला घालून बाहेर पडला. मद्राशी काय, बंगाली काय, मायला ते दूरचे म्हणून निदान चालवून घेता येतात. मेश्रामचं घर कुठल्या गल्लीत आहे ते तिला ठाऊक आहे, हाच त्याचा दोष.

८ मे
माय आणि म. गावी गेले. काकाच्या मुलीचं लग्न. मला रजा नाही. आठ-दहा दिवस मी पोहे, गूळ आणि चहा यांवर काढणार, भात लावता येत नाही.

१२ मे
देवकीनं डबा पाठवला. आंबट वरण, त्यात शेवग्याच्या शेंगा. मी पोट बिघडलंय सांगून परत दिला. पोट चांगलं खणखणीत होतं. पोहे खाल्ले.

१८ मे
दोघं परत आले. माय खुश आहे, लग्न चांगलं झालं. ऊन भयंकर होतं, घरची विहीर तळाला गेलेली, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायले. तरी आपल्या विहिरीची चव कुठं नाही, असं माय दोनदा म्हणाली. म. तिकडच्या वस्तीत भटकत होता, त्याला हाक मारून आणावं लागलं, हेही सांगितलं. म. काळा पडलाय. मी म्हटलं, उन्हानं.

२७ मे
म.ला ताप. तरी दुपारपाळीला गेला.

३१ मे
ताप उतरत नाही. मायचा काढा चालू. मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ. माय म्हणाली, नजर लागली, उतरवते. मी ऑफिसात गेलो. जायला नको होतं. लिहितो आहे म्हणजे काही ते पुसलं जात नाही.

३ जून
दवाखान्यात भरती केलं. टायफाइड. डॉक्टरनं विचारलं, "पिछले महीने बाहर का कुछ खाया?" मी लगेच म्हटलं, "हां साहब, बाहर ही खाता है. पड़ोस में, मद्रासी के यहां." डॉक्टरनं पुढं विचारलं, "और पानी?" मी म्हटलं, पानी घर का.
माय मागं उभी होती. तिनं मद्रासी एवढा एकच शब्द धरला. बाहेर येऊन म्हणाली, पाहा, मी सांगत नव्हते?
मी होकार दिला.

८ जून
आज थोडं बरं. मला म्हणाला, "दादा, दवाखान्याची पेज म्हणजे आपल्या घरचीच. ना मीठ ना मिरची." हसवायचा प्रयत्न. मी हसलो नाही, त्याचं मनगट पाहत होतो. घड्याळ कोपरापर्यंत सरकतंय.

१२ जून, रविवार
मनोहर गेला. सकाळी साडेसहाला. आतडं फुटलं म्हणाले.

१४ जून
अस्थी शिवनाथ नदीत. गावाहून अजून कोणी आलेलं नाही, तार पोचली की नाही तेही कळत नाही. आपल्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद भाकरी आणतात. इथं भाऊबंद कोण? दोन दिवस माय नुसत्या पाण्यावर आहे.
दुपारी देवकी आली. पितळी डब्यात तांदळाची पेज, वर झाकणात थोडं मीठ. तिच्याकडं अशा वेळी हेच देतात म्हणे. रडत होती. माय भिंतीला टेकून बसली होती ती उठली. आजवर मायचा आवाज मी ओट्याबाहेर गेलेला ऐकला नव्हता.
"तूनंच मारलं माया लेकराले. आता मले खाऊ घालाले आली?"
पूर्ण ओळीतली दारं उघडली. देवकीला मराठी येत नाही, पण एवढं कळायला मराठी लागत नाही. ती डबा तिथंच ठेवून गेली. मायनं पेज ओतून दिली आणि डबा बाहेर कट्ट्यावर ठेवला. मी दारात उभा होतो. 

१५ जून
काका आला. भाकरी, पिठलं. माय जेवली. काका फार बोलत नाही, घाईत आहे. घरी कोणी आजारी आहे म्हणाला, संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

२४ जून
तेरवी झाली. काका आला नाही. ओळीतली माणसं आली, माधवन आला नाही. त्याला कोणत्या तोंडानं बोलावणार होतो.

२८ जून
देवकीकडं जेवणारी चारही पोरं बंद झाली. एकजण ऑफिसात भेटला, तो म्हणाला, क्या है, तुम्हारे घर का सुना, डर लगता है. मी म्हटलं, डर कैसा? एवढंच म्हटलं. डॉक्टरपुढं तिचं नाव मीच घेतलं हे ओठापर्यंत आलं आणि सहीचं रजिस्टर पुढं ओढलं. ओळीतल्या बायका आता तिच्या ओट्यावर पोरांना खेळू देत नाहीत.
डबा अजून कट्ट्यावरच आहे. पाऊस त्यात साचतो. शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि सुतकातल्या घरून भरून पाठवत नाहीत, म्हणून इतके दिवस तो तिथं राहिला असं मी स्वतःला सांगतो. सुतक फिटून चार दिवस झाले.

३० जून
घोषबाबू घरी घेऊन गेला. तो म्हणाला, तुम्हारा भाई इधर बैठता था, खिडकी के पास. त्याच पाटावर बसवलं. मासळी, मोहरीच्या वाटणात. पहिला घास नाकातून डोक्यात गेला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि घोषच्या आईला वाटलं मी रडतो आहे. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग खरंच रडू आलं.
काटे काढता येत नव्हते. मनोहरला येत होते, तो मुंडकंसुद्धा खायचा. मासळी मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. चांगली लागली की नाही हे मला सांगता येत नाही. पण तो मूर्ख नव्हता एवढं कळलं. घरी येऊन तीनदा चूळ भरली. मायला सांगितलं, ऑफिसात चहा झाला.

२ जुलै
पंजाबी ड्रायव्हरच्या भट्टीवर. काळी डाळ. दोन रोट्या, मग तिसरी. पैसे घेतले नाहीत, छोटे का भाई है म्हणाला. बत्तीस वर्षं मी एकच वरण खाल्लं आणि बाहेरच्या अन्नाला नावं ठेवली. कुणी सांगितलं होतं मला की डाळ इतकी वेळ शिजवतात? आणि तो सांगत होता तेव्हा मी ऐकलं का?
त्याच्यासोबत एकदा जरी गेलो असतो तर.

३ जुलै, रविवार
काकाचं पत्र आलं. माय समोर येऊन बसली, तिला वाचता येत नाही. मी मोठ्यानं वाचलं. पाऊस लागला, भाताच्या रोपांचे परहे टाकले, नवरीमुलगी सासरी सुखरूप, गाय व्याली. आणि सगळ्यांना नमस्कार.
मधलं वाचलं नाही. इथं उतरवून ठेवतो.
"लग्नघरात पाच जणांस तोच ताप झाला. माझा धाकटा वाचला. सखारामाचा मुलगा वारला. तालुक्याचा माणूस येऊन आपल्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून घेऊन गेला, विहिरीत लाल दवा टाकली व पाणी पिणे बंद केले. सांप्रत सर्व गाव पाटापलीकडच्या विहिरीवर पाणी भरते. ती खोल आहे, तिच्या पाण्याने कोणास काही झाले नाही. त्या दिवशी तुमच्याकडे आलो तेव्हा बोलणार होतो, वहिनीकडे पाहून बोलवले नाही. त्यांना सांगावे की नाही ते तू पाहा."
चांगलं सोपवलं काकानं.
माय म्हणाली, "एवढंच? काकाचं पत्र तर दोन्ही अंगांनं भरलं दिसते." मी म्हटलं, अक्षर मोठं आहे.

५ जुलै
पानी घर का. मीच म्हणालो होतो डॉक्टरला. अगदी खरं बोललो आणि मला पत्ता नव्हता.
देवकीच्या अन्नानं काही झालं नाही. मायला सांगायचं तर काय सांगायचं? की ते फडक्यातून गाळून तूच प्यायला दिलंस? बाई जगेल का हे ऐकून? आणि न सांगावं तर ती बाजूची बाई रोज खुनी म्हणून नळावर पाण्याला जाते.

१० जुलै, रविवार
रिसालीला गेलो. मेश्रामकडं. का गेलो ते नीट सांगता येत नाही. मनोहर जेवत असणार त्या घरांत हेही एक उरलं होतं. आणि त्या आठवड्यात मेश्रामही गावी होता, हे मला रजेच्या अर्जावरून ठाऊक होतं.
त्यानं बाज टाकली. बस म्हणाला. मी म्हटलं, मनोहर इथं यायचा का? "येत जाय. मी बलावलं नोतं पहिल्यांदा, थोच आला. म्हणे, श्रावणभाऊ, सगळ्या मुलखाचं खाऊन झालं, आपल्या गावचं राह्यलं."
मग मी लग्नाच्या आठवड्याचं विचारलं. मेश्राम समोर उकिडवा बसला. मग सांगितलं. सांगताना आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.
"आमच्या विहिरीवर आल्ता. बादली सोडली, भरून वर बी आणली. तुई माय पाटाच्या तिकून हाक मारे. मन्या, तिथलं पाणी पिऊ नको, घरी चाल. त्यानं बादली खाली ठेवली. मले म्हणे, भिलाईत आलो का पितो तुयाकडं. हासला अन् गेला."
मग म्हणाला, "आता अख्खं गाव थेच पाणी पिऊन राह्यलं. माया बापानं पत्रात लिवलं. बाटायची भीती गेली म्हणते, ताप आल्यावर."
 तो पुढं म्हणाला, तेरवीला आलो नाही, बोलावणं नव्हतं. हजेरी मी मांडतो, त्याचं नाव रोज माझ्या हातून लिहिलं जातं, आणि बोलावताना ते मला आठवलं नाही.
त्याच्या बायकोनं ताट आणलं. भात, लाखोरी डाळीचं वरण, जवसाची चटणी, कांदा. माझा हात उचलेना. घोषकडं मासळीवर उचलला तो हात इथं वरण-भातावर उचलेना. ती पाहत होती, ती आत निघून गेली. मेश्राम म्हणाला, "नाई जमत तं राहू दे. तुया भावानं दोनदा वाढून घेतलं होतं."
जेवलो. सगळं जेवलो. मायच्या हातचं आणि हे, डोळे बांधून दिलं असतं तर मला ओळखता आलं नसतं. चटणीत लसूणसुद्धा तेवढाच. मला लाज वाटली. अशी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. उठताना मेश्रामची बायको दाराआडून म्हणाली, पाणी प्याचं राह्यलं. प्यालो.

१३ जुलै
मायला सांगायचं ठरवून घरी आलो. ती मनोहरचे शर्ट धुऊन वाळत घालत होती. पुन्हा. धुतलेलेच धुते. नाही सांगितलं.

१७ जुलै, रविवार
माधवननं दुसऱ्या सेक्टरात क्वार्टर मागितलं, मंजूर झालं असं ऐकलं. मी त्यांच्या दाराशी गेलो. वर्षभर या दारातून वास आला की मी नाक मुरडलं. आज अकराची वेळ, मोहरी आणि कढीपत्त्याची फोडणी, खोबरेलात. मला भूक लागली. खरीखुरी भूक.
देवकी दारात आली. जाणाऱ्या येणाऱ्याला बस, खा म्हणणारी बाई, तिनं मला आत ये म्हटलं नाही. सामान बांधलेलं दिसत होतं. मी हिंदीत सांगितलं, की चूक माझी आहे, डॉक्टरला मीच तुमचं नाव घेतलं, ताप आमच्या गावच्या पाण्याचा होता, पत्र आलंय.
ती सगळं ऐकून म्हणाली, "तो अम्मा को बोलो. मेरे को क्यों बोलता है?"
मी डब्याचं काढलं. ती म्हणाली, डिब्बा रख लो. मग दार लावता लावता, "वो हमको चेची बोलता था. चेची मतलब बड़ी बहन."
मी घरी आलो. मायनं वाढलं. वांगी.

२० जुलै
मायनं आज ठरवून टाकलं. गावी जाते म्हणाली, रविवारनंतर, काकाकडं. इथं जीव लागत नाही. सगळीकडं तो दिसतो. "एक डाव आपल्या विहिरीचं पाणी पेतो, मंग जिवाले थंड वाटन."
मी म्हटलं, पाऊसपाणी आहे, थांब. किती दिवस थांबवणार? तिथं गेली की पहिल्याच सकाळी कळेल. घागर घेऊन विहिरीवर जाईल, दोर नसेल. कुणीतरी म्हणेल, वहिनी, तिकडं चला. मग तिकडच्या विहिरीवर, त्याच पाटावरून, बायकांच्या तोंडून तिला कळेल. मी सांगितलं नाही हेही त्यात कळेल.

२३ जुलै
माधवनचं सामान ट्रकवर चढलं. अर्धं गेलं, अर्धं उद्या. देवकी अजून आहे. मायनं खिडकीतून पाहिलं. "चाल्ली का?" एवढं म्हणाली. त्यात आनंद नव्हता. मी नीट ऐकलं, नव्हता.

२४ जुलै, रविवार
सकाळी माय म्हणाली, काकाचं पत्र पुन्हा वाच, जायच्या आधी ऐकते. मी वाचलं. पाऊस, परहे, नवरीमुलगी, गाय. मधलं ओलांडलं. नमस्कार.
माय म्हणाली, "मागच्या खेपेला बी तू इथंच थांबला होता. गाईच्या आधी."
मी म्हटलं, श्वास घेतला.  ती जात्याकडं पाहत बसली. मग एकदम, "काका आला होता तेव्हा मायाकडे पाहे ना. भाकर देल्ली अन् पाहे ना." मग आणखी थोड्या वेळानं, "त्यादिवशी पाणी लय गढूळ होतं. मी दोनदा गाळलं."
 पत्र माझ्या मांडीवर होतं.
ती उठली. बाहेर गेली आणि कट्ट्यावरचा डबा घेऊन आत आली. चाळीस दिवस पावसात पडून पितळ हिरवं झालं होतं. चिंच आणि राख घेऊन घासायला बसली. घासता घासता पदरानं तोंड पुसत होती. डबा चकचकीत झाला तसं तिनं लाखोरी धुतली, भाताचं आधण ठेवलं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "कोणाचं भांडं रिकामं देत नाईत. दुपारी जाऊन राह्यली थे. तवरक व्हाले पाह्यजे."
मी म्हटलं, तिनं घेतलं नाही तर? माय म्हणाली, घेतलं नाही तर परत आण. नेऊन तर दे. मग म्हणाली, की नाही, मीच नेते.
आता वरणाला उकळी आली आहे. लसूण ठेचून झाला. माय चुलीपासून उठून माझ्यासमोर येऊन बसली आहे, हात ओले, मांडीवर. मघाशी म्हणाली, "भात होते तवरक वाच. मधलं बी."
मी म्हटलं, दोन ओळी लिहायच्या राहिल्यात, एवढं लिहितो आणि वाचतो. तिला वाटतं आहे ऑफिसचं काही असेल. ती घाई करत नाही. पत्र वहीखाली आहे. शेजारी ट्रक आल्याचा आवाज झाला, तिनं तिकडं पाहिलं नाही, माझ्या हाताकडं पाहते आहे. दोन ओळी कधीच्या लिहून झाल्या.